वाद्य जवळ घ्यायचं की आपण वाकायचं? गिटार, पाठ आणि बसण्याचा छोटासा इतिहास

आपल्या पॉडकास्टच्या या आठवड्याच्या भागाचा हा लिखित मजकूर. ट्रान्स-हार्बरच्या गर्दीत ज्यांना इअरफोन असूनही काही ऐकू येत नाही, किंवा ज्यांचा डेटा संध्याकाळी सातलाच संपतो, त्यांच्यासाठी.

आपण इथे एरवी किल्ले, गिरण्या, रेल्वे, जुनी नाटकं यांच्या गोष्टी करतो. आज एका फारच साध्या गोष्टीचा इतिहास बघू. वाद्य घेऊन बसायचं कसं? हसू नका. हा प्रश्न मला पडला तेव्हा मी घणसोलीच्या माझ्या फ्लॅटमध्ये फरशीवर आडवी होते आणि गिटारचा फोटो जुन्या वस्तू विकायच्या ॲपवर टाकत होते.

झालं असं. कॉलेज संपल्यावर पहिल्या पगारातून मी गिटार घेतली. मोठ्या पोटाची, तारांची, दुकानात सगळ्यात भारी आवाजाची. दिवसभर महापेला ऑफिसात कोड लिहायचा, रात्री घरी येऊन पलंगाच्या कडेवर बसून गिटार वाजवायची, असा दिनक्रम. दोन वर्षं छान गेली. तिसऱ्या वर्षी कंबरेत डावीकडे एक कळ बसली ती जाईचना. आधी तासाभराने दुखायचं, मग अर्ध्या तासाने, मग गिटार मांडीवर घेतली की पाचव्या मिनिटाला. तीन महिने मी गिटारला हात लावला नाही. ऑफिसच्या खुर्चीला शिव्या घातल्या, गादी बदलली, पण फरक शून्य.

त्या दिवाळीत साताऱ्याजवळ गावी गेले. आमचे आजोबा भजनी मंडळात पेटी वाजवतात. वय पंचाहत्तरच्या पुढे. सप्ताहात तीन-चार तास मांडी घालून बसतात. मी विचारलं, "आजोबा, तुमची पाठ कशी दुखत नाही?" त्यांनी मला गिटार घेऊन बसायला लावलं, क्षणभर बघितलं आणि म्हणाले, "पोरी, तू वाद्यावर पडतीयास. पेटी आपल्याकडं ओढून घ्यायची असती. आपण पेटीवर वाकायचं न्हाय."

या एका वाक्यापासून मी शोधायला लागले, आणि कळलं की गेली दोनशे वर्षं जगभरातले वादक याच प्रश्नाशी झगडतायत.

दोन मित्र आणि एक तिवई

चला पॅरिसला, साधारण १८३०च्या सुमारास. तिथे दोन स्पॅनिश गिटारवादक राहत होते, फर्नांडो सोर आणि दिओनिसिओ आग्वादो. दोघे इतके जवळचे की सोरने दोन गिटारींसाठी एक रचना लिहून ती आग्वादोला अर्पण केली आणि तिचं नावच 'दोन मित्र' असं ठेवलं.

तेव्हाची गिटार आजच्यापेक्षा लहान आणि हलकी होती. पण अडचण तीच. गोल पोटाचं, घसरणारं वाद्य मांडीवर ठेवायचं आणि दोन्ही हात तर वाजवायला मोकळे हवेत. मग ते धरणार कोण? धरतं आपलं शरीर. खांदा उचलला जातो, कंबर एका बाजूला झुकते, छाती पुढे येते.

सोरने तोडगा काढला टेबलाचा. समोर टेबल घ्यायचं आणि गिटार त्याच्या कोपऱ्याला टेकवायची. १८३०च्या आपल्या शिक्षणग्रंथात त्याने हे लिहून ठेवलंय. आग्वादो आणखी पुढे गेला. त्याने गिटारसाठी चक्क तिवई बनवली. तीन पायांच्या स्टँडवर गिटार अडकवायची, वादकाने शेजारी ताठ बसायचं आणि फक्त हात वापरायचे. त्याचा एक हेतू आवाजाचाही होता. वाद्य अंगाला चिकटलं की लाकडाचं कंपन दबतं, स्टँडवर ते मोकळं राहतं.

माझ्यासारख्या इंजिनिअरला आग्वादो लगेच आवडला. सिस्टिमचा एक भाग दुसऱ्यावर विनाकारण अवलंबून असेल तर त्यांना वेगळं करा, असं आम्ही रोज कोड रिव्ह्यूमध्ये सांगत असतो. पण त्याची तिवई चालली नाही. गिटार हे वाद्य खांद्याला मारून कुठेही न्यायचं, आणि त्यासोबत स्टँड कोण वाहणार?

डाव्या पायाखालचं पाऊलपाट

पुढे १८५०नंतर स्पेनच्या अल्मेरिया गावचा कारागीर आंतोनिओ दे तोरेस याने गिटारचं पोट मोठं केलं. आजची शास्त्रीय गिटार बऱ्याच अंशी त्याच्याच मापावर चालते. पोट मोठं झाल्यामुळे ती मांडीवर जरा स्थिर बसायला लागली. याच गिटारवर फ्रान्सिस्को तारेगा याने बसण्याची जी पद्धत रूढ केली ती आजही क्लासमध्ये शिकवतात. डावा पाय एका छोट्या पाऊलपाटावर, गिटार डाव्या मांडीवर, तिची मान तिरकी वर.

यात एक गोष्ट फार चांगली झाली. गिटारची मान वर गेल्यामुळे डावं मनगट सरळ राहायला लागलं आणि बोटं बघायला खाली वाकावं लागेना. पण एक गोष्ट बिघडली. तासन्तास एकच पाय उंच ठेवला की त्या बाजूचा खुबा जास्त दुमडतो, ओटीपोटाचं हाड एका बाजूला फिरतं आणि कंबरेचा खालचा भाग मागे गोल होतो. म्हणूनच अलीकडे बरेच वादक पाऊलपाट सोडून मांडीवर ठेवायची उशी किंवा गिटारला चिकटणारा आधार वापरतात. पाय दोन्ही जमिनीवर आणि उंच होते ती फक्त गिटार. म्हणजे बघा, फिरून फिरून आपण आग्वादोच्याच जवळ आलो.

युद्धनौकेच्या नावाची गिटार

आता माझ्या गिटारकडे येऊ, कारण खरी गुन्हेगार तीच होती. तुमच्यापैकी बहुतेकांकडेही तीच असेल.

मोठ्या पोटाच्या या गिटारला 'ड्रेडनॉट' म्हणतात. १९०६ मध्ये ब्रिटिश नौदलाने 'ड्रेडनॉट' नावाची प्रचंड युद्धनौका पाण्यात उतरवली. त्या नावावरून अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने १९१६ मध्ये बॉस्टनच्या डिट्सन या दुकानासाठी एक भलीमोठी गिटार बनवली आणि १९३१ पासून स्वतःच्या नावाने विकायला सुरुवात केली. मायक्रोफोन आणि ॲम्प्लिफायर सर्रास नव्हते, त्यामुळे मोठा आवाज हवा तर मोठं पोट हवं, इतकं साधं गणित होतं. तिचं पोट साधारण ४० सेंटिमीटर रुंद आणि १२ सेंटिमीटर खोल असतं.

माझी उंची पाच फूट दोन इंच. एवढं खोल लाकूड छातीशी धरून त्याच्या वरून उजवा हात टाकायचा म्हणजे खांदा कानाकडे जाणारच. त्यात गिटार उजव्या मांडीवर, मान आडवी, डावा हात लांब. बोटं दिसावीत म्हणून गिटारचं तोंड आकाशाकडे झुकवायचं आणि स्वतः तिच्यावर ओणवं व्हायचं. म्हणजे एकाच वेळी पुढे वाकणं, पीळ घेणं आणि एक खांदा उचलणं.

स्वीडनचे अस्थितज्ज्ञ आल्फ नाकेमसन यांनी १९६०च्या दशकात जिवंत माणसांच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून आतला दाब मोजला होता. पुढे वाकून बसलं की तो दाब सरळ उभं असतानापेक्षा बराच वाढतो, हे त्यातून दिसलं. दिवसभर लॅपटॉपवर वाकून आल्यावर मी रात्री परत तेच करत होते, वर पीळ टाकून.

गंमत म्हणजे वीज आल्यावर आवाजासाठी पोटाची गरज संपली, तरी हा त्रास लगेच संपला नाही. फेंडर कंपनीची सुरुवातीची इलेक्ट्रिक गिटार म्हणजे लाकडाची सपाट फळी होती. तिच्या कडा बरगड्यांत रुततात अशी वादकांनी तक्रार केली. ती ऐकून १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये मागची बाजू पोटाच्या आकाराने कोरली आणि हात टेकतो तिथला कोपरा उतरता केला. आज आपल्याला तो आकार फॅशन वाटतो, पण त्याच्या मुळाशी एक दुखणारी बरगडी आहे.

आणि दुसऱ्या टोकाची गोष्ट लेस पॉल यांची. १९४८ मध्ये त्यांचा ओक्लाहोमात मोटार अपघात झाला, उजव्या कोपराचा चुरा झाला. तो आता कधीच वाकणार नव्हता. त्यांनी डॉक्टरांना सांगितलं की हात अशाच कोनात बसवा, ज्यात मला गिटार धरता येईल. इथे वाद्य शरीराप्रमाणे बदललं नाही, शरीरच वाद्याप्रमाणे बसवून घेतलं!

आपल्याकडे काय झालं?

आता आजोबांच्या वाक्याकडे वळू. आपल्याकडे बाहेरून जी वाद्यं आली, त्यांच्याशी आपण काय केलं, हे बघण्यासारखं आहे.

युरोपातली पेटी खुर्चीवर बसून, पायाने भाता मारून वाजवायची होती. आपला वादक तर जमिनीवर बसणारा. मग पाय भात्याला कुठून आणणार? १८७५ मध्ये कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हाताने भाता मारायची पेटी बनवली, असं श्रेय त्यांना दिलं जातं. एक हात भात्याला गेला, पण वाद्य माणसाच्या बैठकीला आलं. आजोबांची पेटी त्याच वंशातली. संगीत नाटकवाल्यांनी मात्र पायपेटी आणि ऑर्गन ठेवला, कारण रंगमंचासमोर वादक खुर्चीवरच बसायचा. म्हणजे बैठक जशी, तसं वाद्य.

व्हायोलिन त्याहून भारी उदाहरण. युरोपात ते हनुवटी आणि खांदा यांच्यात दाबून, उभं राहून वाजवतात. आपल्याकडे गजाननराव जोशी, व्ही. जी. जोग, डी. के. दातार यांचे जुने फोटो बघा. सगळे जमिनीवर बसलेले, व्हायोलिनचं एक टोक छातीकडे आणि दुसरं टोक थेट पायाच्या घोट्यावर टेकवलेलं. मानेवरचा भार गेला, डावा हात तारांवर वरखाली घसरायला मोकळा झाला. मींड घ्यायची तर हात असाच मोकळा हवा.

गिटारचंही तेच. ब्रिजभूषण काबरा यांनी ती आडवी करून मांडीवर ठेवली आणि पट्टी घासून राग वाजवले. १९६७ चा 'कॉल ऑफ द व्हॅली' ऐका, त्यात शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या जोडीला काबरांची गिटार आहे. विश्वमोहन भट्टांची मोहनवीणाही अशीच मांडीवर असते.

पण थांबा. "आपले पूर्वज किती शहाणे" असा फॉरवर्ड करायचा मेसेज मला बनवायचा नाहीये. आजोबांची पाठ ठणठणीत आहे, पण गुडघे गेलेत. जमिनीवरून उठताना दोन माणसं लागतात. आणि मी, जिचं आयुष्य शाळेच्या बाकावर आणि ऑफिसच्या खुर्चीवर गेलं, मांडी घालून बसले तर खुबे कडक असल्यामुळे कंबर लगेच मागे गोल होते. जमीन जादू करत नाही. जमिनीवर बसायची सवय लहानपणापासून असलेलं शरीर जादू करतं, आणि त्याचीही किंमत असते.

मुंबईतली पाच मिनिटं

आता या भागातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट.

यहुदी मेन्युहिन, जन्म १९१६, न्यूयॉर्क. सातव्या वर्षी ऑर्केस्ट्रासोबत व्हायोलिन वाजवणारं पोर. इतक्या लहानपणी सगळं आपोआप आलं की आपण धनू कसा धरतो, खांदा कुठे असतो, याचा विचार करायची वेळच आली नाही. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी सैनिकांसाठी शेकडो कार्यक्रम केले. १९४५ मध्ये बेर्गन-बेल्सनच्या छळछावणीतून वाचलेल्यांसमोर वाजवलं. आणि मग शरीराने असहकार पुकारला. थकवा, ताठरलेले स्नायू, झोप नाही. ज्या हातांनी जग जिंकलं तेच ऐकेनासे झाले. तिशी-पस्तिशीतल्या जगप्रसिद्ध वादकाला आपणच केलेलं काम पुन्हा पहिल्यापासून शिकायची पाळी आली.

१९५१ मध्ये न्यूझीलंडच्या दौऱ्यावर एका हाडवैद्याकडे थांबलेले असताना त्यांच्या हाती योगासनांचं एक छोटं पुस्तक लागलं. पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, नेहरूंच्या निमंत्रणावरून ते भारतात आले. नेहरू स्वतः शीर्षासन करणारे. दोघांनी एकमेकांसमोर डोक्यावर उभं राहून दाखवल्याचा किस्सा प्रसिद्धच आहे.

मुंबईत त्यांची भेट पुण्याहून आलेल्या एका योगशिक्षकाशी झाली, बी. के. एस. अय्यंगार. जन्म १९१८, कर्नाटकातलं बेळ्ळूर. लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षय असं सगळं भोगलेलं शरीर. १९३७ मध्ये गुरूंनी सहा महिन्यांसाठी पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर शिकवायला पाठवलं आणि ते पुण्याचेच झाले. मेन्युहिन दमलेले होते, म्हणाले माझ्याकडे पाचच मिनिटं आहेत. अय्यंगारांनी त्यांना आडवं व्हायला सांगितलं, शांत केलं, आणि मेन्युहिन झोपून गेले. उठले तेव्हा ताजेतवाने होते. पाच मिनिटांच्या भेटीचे काही तास झाले.

लक्षात घ्या, अय्यंगारांना व्हायोलिन येत नव्हतं. त्यांनी वाद्याकडे बघितलंच नाही, वाजवणाऱ्याच्या शरीराकडे बघितलं. कुठे विनाकारण आवळलंय, श्वास कुठे अडकलाय, कणा कुठे खचलाय. १९५४ मध्ये मेन्युहिननी त्यांना स्वित्झर्लंडला बोलावलं आणि एक घड्याळ भेट दिलं. त्यावर कोरून घेतलं होतं की हे माझ्या सर्वोत्तम व्हायोलिन शिक्षकाला. १९६६ मध्ये अय्यंगारांचं 'लाइट ऑन योगा' आलं, त्याची प्रस्तावना मेन्युहिनची. आणि १९८२ मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकच्या शंभरीच्या सोहळ्यात पासष्टीच्या मेन्युहिननी डोक्यावर उभं राहून, पायांनी ऑर्केस्ट्रा चालवून दाखवला!

पुण्यात मॉडेल कॉलनीत अय्यंगारांची संस्था १९७५ पासून आहे. तिथली खासियत म्हणजे साधनं. पट्टे, दोऱ्या, विटा, खुर्च्या, घडी केलेली ब्लँकेटं. शरीर आसनापर्यंत पोचत नसेल तर त्याला ओढायचं नाही, मधे आधार ठेवायचा. तुम्हाला आग्वादोची तिवई आठवली का? मला आठवली.

मग माझ्या गिटारचं काय झालं?

मी ती विकली नाही. पण ती धाकट्या भावाला दिली, तो सहा फूट आहे. स्वतःसाठी कमी खोल पोटाची, लहान गिटार घेतली. फिजिओथेरपिस्ट ताईंनी मला गिटार घेऊनच क्लिनिकमध्ये बोलावलं होतं. त्यांनी आणि वरच्या सगळ्या इतिहासाने मिळून मला जे शिकवलं ते असं.

पलंग बंद. मऊ गादीत कंबर बुडते आणि पाठ गोल होते. त्याऐवजी हात नसलेली, कडक बैठकीची खुर्ची, पुढच्या अर्ध्या भागावर बसायचं. उंची अशी की दोन्ही तळवे जमिनीवर आणि गुडघे खुब्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली. खुर्ची बुटकी असेल तर चादरीची घडी घालून बसायचं. जमिनीवर बसणार असाल तरी हीच घडी बुडाखाली हवी.

बसूनही पट्टा लावायचा. पट्टा एवढा आखूड की दोन्ही हात सोडले तरी गिटार जागची हलत नाही. ही माझी रोजची टेस्ट केस आहे. हात सोडल्यावर गिटार घसरली तर समजायचं, तिला आपली पाठ धरून होती. गिटारची मान तिरकी वर, तिचं टोक खांद्याच्या आसपास. बोटं बघायची तर फक्त मान थोडी वळवायची, धड नाही. आणि श्वास. अवघड कॉर्ड आली की मी श्वास रोखते, हे मला कुणी सांगेपर्यंत माहीतच नव्हतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उठणं. वीस-पंचवीस मिनिटांनी गिटार खाली ठेवून खोलीत दोन चकरा. कितीही आदर्श बैठक असली तरी तीच तासभर ठेवली की ती दुखतेच. आणि कळ पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील, पाय बधिर होत असेल, तर हा भाग बंद करा आणि डॉक्टरांकडे जा. तिथे पॉडकास्ट कामाचा नाही.

माझी कळ एका दिवसात गेली नाही. चारेक महिने लागले. अजूनही रिलीजच्या आठवड्यात ती डोकं वर काढते. पण आता मला कळतं की ती कुठून येते.

मागच्या महिन्यात गावी गेले तेव्हा रात्री आजोबांच्या पेटीसोबत गिटारवर दोन अभंगांना साथ केली. ते खाली सतरंजीवर, मी शेजारी स्टुलावर. मधेच त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "आता बसलीस बघ नीट." मग स्वतः उठायला लागले आणि गुडघा धरून थांबले. मी हात दिला. पुढच्या वेळी त्यांच्यासाठी बुटका पाट आणि पेटीसाठी छोटी चौकट घेऊन जाणार आहे. पाट चढला की पेटीही तेवढीच वर यायला हवी ना. वाद्यावर वाकायचं नाही, हे त्यांनीच तर शिकवलंय.

तुमच्या घरात कोण, कोणतं वाद्य, कसं बसून वाजवतं? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. तोवर फोन खाली ठेवा, उभे राहा, आणि एकदा खांदे सोडा. भेटूया!